काइजू चित्रपट

अवाढव्य, बहुधा काल्पनिक प्राण्याने शहरावर घातलेला घाला हा विषय असलेला जपानी चित्रपटांचा एक प्रकार. ‘काइजू’ म्हणजे विचित्र पशू. प्रस्तुत नोंद मुख्यतः १९५४ ते १९७५ या काळातील चित्रपटांविषयी आहे. सम्राट हिरोहितो यांच्या राजवटीच्या नावावरून चाहते या टप्प्याला ‘शोवा मालिका’ म्हणतात. गॉडझिला (जपानी उच्चार ‘गोजिरा’), रोदान, मोथ्रा, गिदोरा आणि गामेरा हे त्यातील ठळक प्राणी.

या प्रकाराचा आरंभ ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झालेल्या तोहो कंपनीच्या ‘गोजिरा’पासून धरतात. दिग्दर्शक इशिरो होंडा, निर्माते तोमोयुकी तानाका, विशेष दृश्ये एइजी त्सुबुराया यांची, तर संगीत आकिरा इफुकुबे यांचे. कल्पना नेमकी कोठून आली याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. तानाकांच्या सांगण्यानुसार, इंडोनेशियाच्या सहकार्याने काढायचा त्यांचा चित्रपट परवानग्यांअभावी बारगळला आणि परतीच्या विमानात खाली समुद्र पाहताना त्यांना ही कल्पना सुचली. ही हकिकत सर्वत्र उद्धृत होते. पण ती बरीच नंतर सांगितलेली असल्याने जपूनच घ्यावी लागते. हिंदी महासागरात जहाजांवर हल्ला करणाऱ्या राक्षसी ऑक्टोपसचे कथानक त्सुबुरायांनी त्याआधीच सुचवले होते. शिवाय ‘किंग काँग’ (१९३३) १९५२ मध्ये पुन्हा प्रदर्शित होऊन गाजला होता आणि अणुस्फोटाने जागा झालेला प्राणी दाखवणारा एक अमेरिकी चित्रपट १९५३ मध्येच आला होता. ‘गोजिरा’चे कामचलाऊ शीर्षक त्या अमेरिकी चित्रपटाच्या नावाशी उघड नाते सांगणारे होते.

दुसरा धागा अणुचाचणीचा. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवर पडली. बोटीवरील २३ जणांना बाधा झाली आणि त्यांपैकी एक जण २३ सप्टेंबरला मरण पावला. चित्रपटाची सुरुवातच समुद्रात पांढरा लोळ उठून एक बोट नष्ट होण्याने होते. पुढे आगगाडीतील एक तरुणी ‘नागासाकीतून कशीबशी वाचले’ असे सहज बोलून जाते. या आधारे अनेक समीक्षक संपूर्ण चित्रपटाला अणुबाँबचे रूपक मानतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. जळत्या टोकियोची दृश्ये पाहताना १९४५ मध्ये त्याच शहरावर विमानांतून झालेल्या बाँबवर्षावाची आठवण अधिक होते आणि ती दृश्ये उभी करणारे त्सुबुराया हे युद्धकाळात प्रचारपटांसाठी काम केलेले तंत्रज्ञ होते. १९४२ च्या चित्रपटासाठी त्यांनी पर्ल हार्बरचा हल्ला लहान प्रतिकृतींतून उभा केला होता. काइजू चित्रपटाचे तंत्र त्या कामातून तयार झाले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तंत्र : ‘किंग काँग’मध्ये बाहुली एकेका चौकटीसाठी किंचित हलवून चित्रण केले होते. त्सुबुरायांना तीच पद्धत हवी होती. पण वेळ व पैसा दोन्ही नव्हते, म्हणून पोशाखात माणूस घालण्याचा मार्ग निघाला. काही अभ्यासक याचा संबंध ‘काबुकी’ व ‘नो’ या जपानी नाट्यपरंपरांशी जोडतात, पण मुळातली निवड सक्तीची होती हे पाहता तो दुवा सैल वाटतो. पहिला पोशाख सुमारे १०० किग्रॅ. भरला आणि इतका ताठ निघाला की त्यात धड चालता येईना; तो मधोमध कापून त्याचे भाग पायांच्या वगैरे दृश्यांसाठी वापरले. पोशाखात मुख्यतः हारुओ नाकाजिमा असत. चालीसाठी त्यांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती व अस्वलांचे निरीक्षण केले होते. १९७२ पर्यंत ही भूमिका बहुतांशी त्यांच्याकडेच राहिली.

इमारती साधारण १:२५ प्रमाणात केल्या जात. पोशाख सुमारे २ मी. उंच, म्हणजे प्राणी ५० मी. ठरतो. संसद भवनाचा मनोरा मात्र प्रत्यक्षात सुमारे ६५ मी. उंच. त्यापुढे गॉडझिला ठेंगणा दिसला असता, म्हणून ती प्रतिकृती १:३३ प्रमाणात केली. वितळणारे विजेचे मनोरे मेणाचे होते. खरी अडचण वजनाची. लहान इमारत लवकर कोसळते. ती पंचवीसपट मोठी भासायची तर पडण्याचा वेळ २५ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे पाचपट, लांबवावा लागतो. त्यासाठी सेकंदाला २४ ऐवजी १२० चौकटी टिपाव्या लागतील. तेवढा वेग गाठायचा तर प्रकाशही त्या प्रमाणात वाढवावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट वेगावर भागवले जाई. आग आणि पाणी यांना मात्र हा हिशेब पुरत नाही, कारण थेंबाचा आकार लहान करता येत नाही. समुद्रातील दृश्ये आज सर्वांत आधी उघडी पडतात ती यामुळेच. गॉडझिलाची डरकाळी इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बास या तंतुवाद्याच्या तारेवर घासून, तो आवाज संथ करून मिळवली.

पुढील वाटचाल : ‘रोदान’ (१९५६) रंगीत होता. ‘मोथ्रा’तील (१९६१) जुळ्या बहिणींच्या प्रसिद्ध गाण्याचे बोल इंडोनेशियन भाषेत आहेत. १९६२ मध्ये गॉडझिला व किंग काँग यांची झुंज पाहायला जपानात १ कोटीहून अधिक प्रेक्षक आले. १९६४ मध्ये तीन डोक्यांच्या गिदोराविरुद्ध गॉडझिला इतर प्राण्यांच्या बाजूने उभा राहिला आणि हळूहळू मुलांचा नायक झाला. १९६५ मध्ये दाइएई कंपनीने गामेरा हे उडते कासव आणले; १९६७ मध्ये निक्कात्सु व शोचिकू याही कंपन्यांनी आपापले प्राणी काढून पाहिले. त्सुबुरायांच्या स्वतःच्या कंपनीची ‘अल्ट्रामॅन’ मालिका १९६६ पासून दूरचित्रवाणीवर आली आणि घरबसल्या दर आठवड्याला नवा राक्षस दिसू लागला. चित्रपटगृहांना ते जड गेले. सत्तरीच्या दशकातील चित्रपटांत जुन्या दृश्यांचे तुकडे सर्रास जोडलेले दिसतात. त्यांतही प्रदूषणातून जन्मलेला हेदोरा (१९७१) हा विक्षिप्त, पण धाडसी अपवाद. होंडा यांनी दिग्दर्शित केलेला १९७५ चा चित्रपट हा या मालिकेतील १५ वा आणि शेवटचा.

अमेरिकेत १९५६ मध्ये ‘गोजिरा’ची कापलेली आवृत्ती लागली. तीत रेमंड बर या नटाची नव्याने चित्रित केलेली दृश्ये घातली होती व अणुचाचणीचे संदर्भ सौम्य केले होते. मूळ जपानी आवृत्ती तेथील चित्रपटगृहांत व्यापक प्रमाणावर पोहोचली ती थेट २००४ मध्ये.

भारतात या धर्तीवर बलवंत दवे यांचा ‘गोगोला’ (१९६६) हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात तबस्सुम यांची भूमिका होती आणि समुद्रातून आलेला राक्षस मुंबईवर चालून येतो, असे कथानक होते.