दहिवर पडणे आणि पाणी गोठणे

जानेवारीच्या पहाटे तोरणमाळला किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात गवतावर, जीपच्या टपावर आणि घराच्या पत्र्यावर पांढरा थर दिसला, की छतावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवणाऱ्यांना पाइप फुटण्याची धास्ती वाटू लागते. ही धास्ती दोन वेगळ्या गोष्टींना एक मानल्यामुळे येते.

दहिवर हवेतल्या बाष्पापासून थेट पृष्ठभागावर जमते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होतो; म्हणून माणसाच्या उंचीवर टांगलेला तापमापक ३ अंश सेल्सिअस दाखवत असतानाही पत्रा शून्याखाली गेलेला असू शकतो. त्या थरात पाणी अगदी थोडे असते आणि ऊन चढताच ते पन्हळीतून ठिबकून जाते.

साठलेल्या पाण्याचा हिशेब निराळा आहे. १,००० लिटर पाणी एका अंशाने थंड होण्यासाठी त्यातून १,००० किलोकॅलरी उष्णता निघून जावी लागते, आणि शून्यावर पोहोचल्यावर त्याचा पूर्ण बर्फ होण्यासाठी आणखी ८०,०००. जिच्यामागून लख्ख ऊन येतेच, अशा खानदेशातल्या रात्रीत हे घडत नाही. अर्धा इंची पाइपाच्या एका मीटरात मात्र जेमतेम सव्वाशे मिलिलिटर पाणी असते, त्यामुळे सातपुड्याच्या माथ्यावर पत्र्याला चिकटून गेलेला पाइप रात्री तोटी उघडून रिकामा ठेवणे शहाणपणाचे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. बर्फाचे बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि पाइप कित्येकदा बर्फापासून दूरच फुटतो. जिथे तापमान आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहते, तिथे पाइप जमिनीत खोल पुरावे लागतात किंवा सगळी व्यवस्था हिवाळ्यापूर्वी रिकामी करावी लागते.

अंगणातल्या परातीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला, म्हणजे टाकीही गोठेल असे नव्हे. पसरट, उथळ भांडेही पत्र्याप्रमाणेच आकाशाकडे उष्णता सोडते. अठराव्या शतकात अलाहाबादकडे मातीच्या उथळ परळांत याच रीतीने बर्फ तयार केला जात असे.

जळगाव-धुळ्याच्या सपाटीवर पाइपाला तडा गेलेला आढळला, तर दोष बहुधा उन्हाचा असतो. वर्षानुवर्षे ऊन खाऊन पीव्हीसी ठिसूळ होते, थंडीत अधिकच कडक होते आणि साध्या धक्क्यानेही तडकते. त्यावर उपाय म्हणजे उघड्या पाइपाला रंगाचा हात द्यावा किंवा तो सावलीतून न्यावा. दहिवराचे वा दवाचे पाणी टाकीला एवढाच त्रास देते, की ते पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची विष्ठा सोबत घेऊन पन्हळीत उतरते. म्हणून पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडणारा कॉक हिवाळाभर उघडाच ठेवावा.