खासगी आवारातील झाडांची छाटणी (महाराष्ट्राच्या नागरी भागातील नियम)

महाराष्ट्रातील शहरांत घराच्या किंवा सोसायटीच्या आवारातील झाड छाटायचे असेल, तर महापालिकेची वा नगरपालिकेची परवानगी लागते. ‘झाड आमचे, जागा आमची’ हे म्हणणे येथे टिकत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मधील बंदी जमीन स्वतःची असो वा दुसऱ्याची, सर्वांना लागू आहे. झाड ‘तोडणे’ या शब्दाची व्याख्याही त्यात ऐसपैस आहे. जाळणे, कापणे किंवा झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणे हे सगळे तोडण्यातच मोडते. छाटणी कायद्याच्या कक्षेत येते ती यामुळे. शेजारच्या झाडाची फांदी आपल्या गच्चीवर आली, तरी नियम तोच.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा असतो. व्यवहारात तो उद्यान विभागात दिला जातो. पाहणीनंतर निर्णय होतो. अख्खे झाड तोडायचे असल्यास झाडावर सूचना लावून आणि वर्तमानपत्रात जाहिरात देऊन हरकती मागवाव्या लागतात. झाड मेलेले, रोगट किंवा जीविताला धोकादायक असेल, तर परवानगी नाकारता येत नाही. विनापरवाना तोडलेले प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून जादा संरक्षण दिले.

परवानगी मिळाली की पुढचे सगळे कोयता घेऊन वर चढलेल्या माणसाच्या अंदाजावर सोडले जाते, आणि झाडे खरी बिघडतात ती इथे. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर वळी असते. जखम भरून येते ती तिच्यातूनच, म्हणून काप वळीच्या अगदी बाहेर घ्यावा. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. खोडालगत सपाट कापले तर वळीच जाते. जड फांदी वरून एकाच घावात पाडली, तर ती खाली येताना खोडाची साल सोलत नेते. त्यासाठी खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, थोडे पुढे वरून दुसरा, आणि वजन उतरल्यावर उरलेला खुंट वळीजवळ कापणे, असा क्रम पाळतात. शेंडाच उडवणे सर्वांत वाईट. त्यानंतर येणारे दाट फुटवे वरवर जोडलेले असतात आणि जाड झाले की वाऱ्यात तेच आधी तुटतात. पार्किंगसाठी एकच बाजू साफ केलेल्या झाडाचा तोल दुसऱ्या बाजूला जातो, याचाही विचार क्वचितच होतो.

छाटणीची घाई पावसाळ्याच्या तोंडावर असते आणि अनेक पक्ष्यांची वीणही त्याच सुमारास. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना इजा करणे ‘शिकार’ या व्याख्येत येते. छाटणीची परवानगी हाती असली, तरी पिल्ले असलेल्या फांदीला ती लागू पडत नाही.