सिगार ओढण्याचे शिष्टाचार

चारचौघांत सिगार ओढताना पाळायचे संकेत. ते वरवर ऐटबाज वाटले, तरी त्यांतले बरेचसे सिगारच्या घडणीतूनच आलेले आहेत. सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते; सिगार आकारानुसार अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत जळत राहते. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, त्यामुळे धूर दाट आणि वास रेंगाळणारा असतो.

साहजिकच पहिला प्रश्न परवानगीचा. १९व्या शतकात युरोपातील श्रीमंत घरांत धूम्रपानासाठी वेगळी खोली असे. तिथे मखमली ‘स्मोकिंग जॅकेट’ चढवायचे ते राख आणि वास अंगावरच्या कपड्यांना लागू नये म्हणून. आता अशी खोली क्वचितच असते, म्हणून आधी जागेचा नियम पाहावा आणि मग माणसांना विचारावे. पेटलेली सिगार हातात धरून ‘चालेल ना?’ म्हणणे म्हणजे विचारणे नव्हे. यजमान हो म्हणाला तरी शेजारी बसलेल्यांना वेगळे विचारावे. लहान मुले, गरोदर स्त्री किंवा दम्याचा रुग्ण जवळ असेल, तर विचारूही नये, सरळ उठून दूर जावे. खिडकी उघडल्याने धूर विरळ होतो, नाहीसा होत नाही. पडद्यांत आणि गाद्यांत वास कित्येक दिवस राहतो. मोकळ्यावरही वाऱ्याचा रोख बघून बसावे. कोणाचेही जेवण चालू असताना सिगार पेटवू नये.

सिगार निवडताना हाताशी असलेला वेळ पाहावा. जाडी ‘रिंग गेज’मध्ये मोजतात; एक गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. पाच इंच लांब, ५० गेजच्या (सुमारे २० मिमी जाड) ‘रोबुस्तो’ आकाराच्या सिगारला पाऊण ते एक तास लागतो, तर सात इंची ‘चर्चिल’ आकाराच्या सिगारला दीड तासही लागू शकतो. मंडळी अर्ध्या तासात उठणार असतील, तर मोठी सिगार पेटवून सर्वांना ताटकळत ठेवू नये. यजमानाच्या पेटीतली सिगार नाकाला टेकवून हुंगणे किंवा कानाजवळ धरून चुरगाळून पाहणे वाईट दिसते. शिवाय सुकलेले पान तडकते आणि ती सिगार दुसऱ्या कोणाच्या कामाची राहत नाही. कडक तंबाखू झेपत नसेल, तर आधीच नाही म्हणावे. उपाशीपोटी ओढू नये: सिगारचा धूर गिळत वा छातीत घेत नाहीत, तरी तो अल्कधर्मी असल्याने त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात उतरते, आणि नवख्याला घाम, चक्कर, मळमळ होते. तोंडाचा आणि घशाचा कर्करोगही या सवयीला चिकटलेलाच आहे. म्हणून नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये.

सिगारच्या बंद टोकावर पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. तिचा साधारण दोन मिलिमीटर भाग, टोपीची कड शाबूत ठेवून, एका झटक्यात कापायचा. कड ओलांडली की बाहेरचे पान उलगडू लागते आणि तंबाखूचे कण तोंडात येतात. दुसऱ्याचा कटर वापरणार असाल, तर सिगार आधी ओठांत धरून ओली करू नये. छाटलेला तुकडा राखदाणीत पडेल असे पाहावे, आणि दातांनी टोक तोडण्याचा प्रकार तर टाळावाच.

पेटवण्यासाठी ब्यूटेनचा लायटर किंवा लांब लाकडी काडी चांगली. काडीचा गंधक जळून जाईपर्यंत थांबावे. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती यांचा वास पानाला लागतो. ज्योत सिगारच्या बुडापासून, म्हणजे पेटवायच्या उघड्या टोकापासून, थोडी दूर धरून सिगार फिरवत कडा आधी शेकाव्यात, मग झुरका घ्यावा. एका बाजूने घाईत पेटवली की ती तिरकी जळते. प्रत्येकाने आपली आपण पेटवावी. यजमानाने लायटर पुढे करावा, ज्योत नव्हे. दुसऱ्याच्या जळत्या सिगारीला टेकवून पेटवू नये.

मिनिटाला एक झुरका पुरे. भराभर ओढली की ती तापते, चव कडवट होते आणि धुराने खोली भरते. राख सिगारेटसारखी सारखी झटकू नये. टोकावरची राख आच मंदावते, म्हणून ती दोन-तीन सेंटिमीटर वाढू द्यावी आणि राखदाणीच्या कडेला हलकेच फिरवून सोडावी. त्याहून लांब राख मिरवण्याची पैज शेवटी यजमानाच्या गालिच्यावर सुटते.

सिगारभोवतीची, छाप मिरवणारी कागदी पट्टी काढावी की नाही, यावर हौशी मंडळी तावातावाने भांडतात. इंग्रजांच्या जुन्या रिवाजात ती काढत, कारण महागडी छाप मिरवणे असभ्य मानले जाई. दोन्ही पद्धती चालतात. काढायचीच, तर सिगार थोडी जळून उष्णतेने डिंक सैल झाल्यावर काढावी, नाहीतर पान फाटते.

मध्येच विझली तर बिघडत नाही: राख पाडावी, सिगारमधून हळू फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढावा, मग पुन्हा शेकावी. संपवताना मात्र दाबून चिरडू नये. चिरडलेल्या थोटकातून सर्वांत उग्र वास सुटतो. राखदाणीच्या रुंद खाचेत ठेवून दिली की काही मिनिटांत ती आपोआप विझते. सिगारेटच्या राखदाणीची खाच अरुंद असल्याने सिगार तिच्यावरून गडगडते. त्यापेक्षा खोलगट जड बशी बरी. थोटूक पूर्ण गार झाल्याची खात्री करून, कागदांच्या डब्यात न टाकता, निघण्याआधी स्वतःच बाहेर टाकावे.