इंधनाचं अनुदान नक्की कुणाच्या टाकीत जातं?

पेट्रोल-डिझेलवरचं अनुदान काढलं की गरीब भरडला जातो, म्हणून त्याला हातच लावू नका, हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

हे अनुदान लिटरमागे मिळतं, माणशी नाही. दारात दोन गाड्या असणाऱ्याला जास्त मिळतं. पायी चालणाऱ्याला बसभाड्यात, मालाच्या भावात जो काही फरक पडेल तेवढाच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासानुसार विकसनशील देशांत वरच्या २० टक्के कुटुंबांना खालच्या २० टक्क्यांच्या सरासरी सहापट लाभ होतो. (रॉकेलचं गणित वेगळं, ते गरिबाच्या चुलीपर्यंत बऱ्यापैकी पोचतं.)

तरीही एका रात्रीत दर वाढवले तर कंबरडं गरिबाचंच मोडतं. नायजेरियात जानेवारी २०१२ मध्ये तसंच झालं. लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला दरवाढ बरीचशी मागे घ्यावी लागली. इराणनं डिसेंबर २०१० मध्ये क्रम बदलला: आधी कुटुंबांच्या खात्यात पैसे, मग दरवाढ. पुढे महागाई वाढत गेली, खात्यातली रक्कम मात्र वर्षानुवर्षं तेवढीच राहिली. माझ्या मते खरी चूक तिथे झाली.