वर ओहोटी, खाली भरती: खाडीत गळाची दोरी उलटी का जाते?

मागे एकदा आम्ही चौघं, मी, मेव्हणा, त्याची बारा वर्षांची मुलगी आणि एक मित्र, दोन डबल कयाक घेऊन खाडीत गळ टाकायला गेलो होतो. ओहोटी संपत आली होती, नांगर टाकून बसलेलो, बाजूनं पालापाचोळा आणि फेस आरामात समुद्राकडे चाललेला. पण मेव्हण्याची दोरी मात्र कयाकच्या पोटाखालून बरोबर उलट्या बाजूला, नदीच्या वरच्या अंगाला ओढली जात होती. "लागला रे, मोठा लागलाय, उलटा पळतोय!" म्हणत त्यानं रीळ फिरवलं तर वर काय आलं, शिसं आणि जसंच्या तसं आमिष. मग मित्रानं जाहीर केलं की खाली भोवरा आहे, अशा जागा वाईट असतात, माणूस खेचला जातो. भोवरा-बिवरा काही नव्हता. खाली चक्क भरती सुरू झाली होती आणि वर अजून ओहोटीच होती.

हे पहिल्यांदा मलाही कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आपल्या डोक्यात नदीचं चित्र एकच असतं, सगळं पाणी एका दिशेला. पण खाडी म्हणजे नदी नाही, समुद्रपण नाही, तिथे दोन वेगळी पाणी एकमेकांवर चढून बसलेली असतात. समुद्राच्या 1 किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे 1 घनमीटर गोडं पाणी 1000 किलो भरतं तर समुद्राचं सुमारे 1025 किलो. फरक अडीच टक्के. एवढासा वाटतो ना? सगळी गंमत याच अडीच टक्क्यांत आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अशी कल्पना करा की मध्ये एक भिंत आहे, एका बाजूला 10 मीटर खोल समुद्राचं पाणी, दुसऱ्या बाजूला नदीचं. नदी सारखी पाणी आणून टाकतेय म्हणून तिच्या बाजूची पातळी किंचित वर आहे, समजा साडेबारा सेंटीमीटर. आता भिंत काढली तर पाणी कुठून कुठे जाईल? दाब बघायचा. अगदी वर नदीची बाजू उंच, म्हणजे तिचा दाब जास्त, पाणी समुद्राकडे ढकललं जाणार. पण जसजसं खाली जाल तसतसं खारं पाणी दर मीटरमागे, प्रत्येक चौरस मीटरवर, 25 किलो जास्तीचं वजन टाकत जातं. नदीला उंचीमुळे मिळालेली आघाडी 125 किलोची. भागाकार करा: 5 मीटरवर बरोबरी. त्याच्या खाली खारं पाणी जिंकतं आणि तळाशी तर 125 किलोनी जिंकतं. म्हणजे वरचं निम्मं पाणी बाहेर, खालचं निम्मं आत, आणि हे दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी. (हिशोब डोक्यावरून गेला तर सोडून द्या, कागदावर दोन डबे काढून बघितलं की लगेच बसतो.)

खऱ्या खाडीत भिंत नसते, पाणी मिसळत असतं, तळाचं घर्षण असतं, वरून भरती-ओहोटी सगळंच मागेपुढे हलवत असते. त्यामुळे दोन दिशांचे प्रवाह नेहमीच दिसत नाहीत, भरतीच्या भरात सगळंच आत जातं आणि ओहोटीच्या भरात सगळंच बाहेर. पण ओहोटी संपून भरती लागायच्या वेळेला, ओढ मंदावते तेव्हा, हा लपलेला प्रवाह वर डोकं काढतो: तळाचं पाणी आधी वळतं, वरचं मागून. अमेरिकेत जेम्स नदीच्या खाडीत समुद्रशास्त्रज्ञ डोनाल्ड प्रिचर्ड यांनी 1950च्या दशकात मोजमापं घेऊन हे दोन थर नीट मांडून दाखवले. आणि 2023 साली मिसिसिपी नदीचं पाणी कमी झालं तेव्हा हेच खारं पाणी तळातून पाचरीसारखं वर सरकत गेलं, न्यू ऑर्लिन्स शहराच्या पिण्याच्या पाण्याची काळजी पडली, शेवटी नदीच्या तळाशी आधी घातलेला मातीचा बांध आणखी उंच करावा लागला. वरून बघणाऱ्याला नदी शांतपणे समुद्राकडेच जाताना दिसत होती.

आता माशांचं. ज्यांना नीट पोहता येत नाही अशी पिल्लं या दोन मजल्यांचा लिफ्टसारखा वापर करतात. ईल माशाची काचेसारखी पारदर्शक पिल्लं भरतीला वर येतात, ओहोटीला तळाशी दडी मारतात आणि असं टप्प्याटप्प्यानं फुकटात आत पोचतात. खाऊ जिथे साठतो तिथे मोठे मासे येणारच. बाकी गोड्या-खाऱ्यात ये-जा करताना मासे शरीरातलं मीठ कसं सांभाळतात हा वेगळाच मोठा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

पण अमावास्या-पौर्णिमेबद्दल बोलायलाच पाहिजे. "चंद्र माशांना ओढतो" हे मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि आता तर मोबाइलवर अॅप पण आहेत जी आज मासे किती टक्के भुकेले आहेत ते सांगतात. भरती आणणारी चंद्राची जी ओढ आहे ती आपल्या वजनाच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढी असते, माशाला ती काय जाणवणार! समुद्र हलतो कारण तो प्रचंड पसरलेला आहे, मासा दीड फुटाचा. चंद्राचं काम पाण्यामार्फत चालतं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत, म्हणून उधाण, म्हणजे प्रवाह जोरात, पाणी घुसळून निघतं आणि दोन थर बरेचसे एकमेकांत मिसळून जातात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, प्रवाह सौम्य, थर स्वच्छ वेगळे. म्हणजे तिथीप्रमाणे फरक पडतो हे जुन्या लोकांचं निरीक्षण चुकीचं नाही, पण त्यावर टक्केवारी चिकटवून विकणं म्हणजे पंचांगाला बॅटरी लावणं.

पोरंबाळं घेऊन जाणार असाल तर एक गोष्ट मात्र तिथीपेक्षा जास्त कामाची. भरती-ओहोटी सहा तास एकसारखी चालत नाही, पाण्याची जवळजवळ निम्मी चढउतार मधल्या दोन तासांत होते. तेव्हा ओढ सगळ्यात जास्त, आणि वारा प्रवाहाच्या उलट दिशेनं असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. लाइफ जॅकेट तर घालायचंच, पण जाताना प्रवाहाविरुद्ध वल्हवायचं म्हणजे दमल्यावर परत येताना पाणीच आणून सोडतं. आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, कालची वेळ आज चालत नाही.

त्या दिवशी मेव्हण्याला माझं काहीच पटलं नव्हतं. म्हणून त्याच्या मुलीनं रिकाम्या बाटलीला शिसं बांधलं, बुचाला वेगळी दोरी बांधली, बाटली तळाशी सोडली आणि हिसका देऊन बूच काढलं. दुसऱ्या बाटलीत वरचं पाणी भरलं. घरी येऊन दोन बशांमध्ये दोन्हीकडचं पाणी सारख्याच मापानं ओतून तिनं उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी एका बशीत पुसट कडा उमटली होती आणि दुसरीत पांढरी, नखानं खरवडता येईल अशी मिठाची खपली. मेव्हण्यानं बोट लावून चाटून बघितलं आणि विचारलं, "मग मासा कुठल्या मजल्यावर होता?"