ट्यूनिंग झालं, तरी बँड कणसूर का वाजतो?

शाळेचा बँड महोत्सवाला न्यायचा ठरला की सगळ्यांचा जीव ट्यूनरमध्ये अडकतो. मुलं रांगेत उभी राहतात, एकेक जण एक सूर वाजवतो, फोनवरचा काटा मधोमध येऊन हिरवा झाला की पुढच्याचा नंबर. नंतर परीक्षकांच्या शेऱ्यात ‘इंटोनेशन कच्चं’ असं आलं की पालक विचारतात, अहो, ट्यूनिंग तर केलं होतं ना?

केलं होतं, पण ट्यूनिंग वेगळं आणि इंटोनेशन वेगळं. ट्यूनिंग म्हणजे वाद्य मिळवणं. ते वाजवण्याआधी आणि बहुधा एकाच सुरावर होतं. इंटोनेशन म्हणजे वाजवताना प्रत्येक सूर आपल्या जागी लागणं, अगदी शेवटच्या सुरापर्यंत. परीक्षक गुण देतात ते या दुसऱ्याला.

पेटीवर तयार झालेल्या कानांना (आणि ठाण्यात अशा कानांना तोटा नाही) हा फरक चटकन पटत नाही, कारण पेटीत दोन्ही कामं आधीच उरकलेली असतात. पट्टी दाबली की सूर तयार. शाळांमधला लाडका मेलोडिका, म्हणजे फुंकून वाजवायची छोटी पेटी, तोही तसाच. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, फ्लूट यांत मात्र वाजवणाऱ्याचे ओठ आणि श्वास दर वेळी सूर नव्याने घडवतात.

ट्रम्पेटच घ्या. बँड सहसा बी फ्लॅटवर, म्हणजे पेटीवाल्यांच्या काळी पाचवर, मिळवतात. ट्रम्पेटवाला त्यासाठी एकही व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) न दाबता स्वतःचा सी वाजवतो (ट्रम्पेटवाले ज्याला सी म्हणतात तो पेटीवरचा बी फ्लॅट), मुख्य स्लाइड, म्हणजे सरकणारी नळी, जराशी ओढतो, काटा जुळतो. आता त्यालाच पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह दाबून स्वतःचाच खालचा डी वाजवायला सांगा. चढा लागेल. तिन्ही दाबून सी शार्प वाजवला तर आणखी चढा. प्रत्येक व्हॉल्व्हची जादा नळी मुळात तो एकटा दाबला जाईल या हिशेबाने मापलेली असते. दोन-तीन एकत्र दाबले की एकूण लांबी कमी पडते. यावरचा इलाज वाद्यातच आहे. तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड डाव्या हाताच्या अनामिकेने तेवढ्या सुरापुरती बाहेर ढकलायची. शाळेच्या कपाटात सुट्टीभर पडून असलेल्या ट्रम्पेटची नेमकी हीच स्लाइड जाम झालेली असते! तयारीच्या पहिल्या दिवशी ट्यूनर नको, आधी ती सैल करा.

फ्लूट आणि क्लॅरिनेटची कथा निराळी. फ्लूट जोरात फुंकली की चढते, हळू फुंकली की उतरते. क्लॅरिनेटचं नेमकं उलटं. मध्यम आवाजात छान जुळलेली ही जोडी तुकडा विरत विरत संपताना फाटते, आणि शेवटचा लांब सूर परीक्षकाच्या कानात राहतो. एक सूर ४४० हर्ट्झचा आणि दुसरा ४४३चा असेल, तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. ती थरथर मुलांना ओळखता आली पाहिजे. एकदा ओळखली की ती मिटेपर्यंत ओठ, श्वास जुळवायला मुलं आपणहून शिकतात.

हिरव्या काट्यावर आंधळा विश्वासही नको. पेटीवरचे बी फ्लॅट, डी आणि एफ एकत्र, म्हणजे कॉर्डमध्ये, वाजताहेत असं समजा. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो. त्याच्या हिशेबातला डी, या कॉर्डमध्ये गोड लागणाऱ्या डीपेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक ऐकू येणारा गंधार आठवा. हवा आहे तो हाच डी. म्हणून रोजच्या सरावात मी ट्यूनर बाजूला ठेवून तानपुऱ्याचं ॲप काळी पाचवर लावायला सांगेन. आधी सूर गायचा, मग वाजवायचा. मात्र तोच डी कीबोर्ड किंवा मेलोडिकाही वाजवत असेल तर हा हट्ट सोडावा. त्यांना हलता येत नाही, तेव्हा बाकीच्यांनी त्यांच्याकडे जायचं.

याचा अर्थ ट्यूनिंग कमी महत्त्वाचं असा नाही. आपल्या हवेत तर मुळीच नाही. तापमान एका अंशाने वाढलं की हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि फुंकवाद्यांचा सूर चढतो. तलावपाळीच्या उन्हात मिळवलेलं क्लॅरिनेट शेजारच्या गडकरी रंगायतनच्या एसीत नेऊन पाच मिनिटं मांडीवर ठेवलं की उतरलंच. बेल लायरा या ठोकून वाजवायच्या वाद्याच्या धातूच्या पट्ट्या मात्र जवळजवळ तिथेच राहतात, म्हणजे दोघांत अंतर पडणार. तेव्हा बाहेरच्या ट्यूनिंगवर विसंबू नका. विंगेत थांबलेल्या मुलांना वाद्यातून आवाज न काढता नुसती गरम हवा फुंकत राहू द्या, आणि काळी पाचचा सूर शेवटचा तपासायचा तो आत, सभागृहाच्या गारव्यात.