कलिन्याच्या प्रयोगशाळेत सायबर विश्लेषक व्हायचंय? आधी कागद जमवा

आमच्या परळच्या अभ्यासिकेत मागच्या पावसाळ्यात नालासोपाऱ्याहून एक मुलगा आला. पाठीवर लॅपटॉप, हातात प्लॅस्टिकची फाईल. फाईलमध्ये एथिकल हॅकिंगची दोन सर्टिफिकेटं, एका ऑनलाइन स्पर्धेचं प्रशस्तिपत्र आणि बीएस्सी आयटीच्या मार्कशीटा. त्याला सरकारी डिजिटल फॉरेन्सिक अॅनालिस्ट, म्हणजे गुन्ह्यातल्या मोबाइल-संगणकातला पुरावा तपासणारा, व्हायचं होतं. म्हटलं, अधिवास प्रमाणपत्र दाखव. तर म्हणे, ते काय असतं? वर दहावीच्या मार्कशीटवर आडनावाचं एक स्पेलिंग आणि आधार कार्डावर दुसरं. पोरगं हुशार होतं, पण जाहिरात आली असती तर पहिल्याच आठवड्यात अडकलं असतं. हे लिहितोय ते त्याच्यासारख्यांसाठीच.

पहिली गोष्ट, 'डिजिटल फॉरेन्सिक अॅनालिस्ट' या नावाची जाहिरात शोधत बसू नका. महाराष्ट्रात हे काम करणारं मुख्य सरकारी कार्यालय म्हणजे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय. ते गृह विभागाच्या अखत्यारीत येतं. मुख्यालय सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्यात, विद्यापीठाच्या विद्यानगरीजवळ हंस भुग्रा मार्गावर आहे. जुने पोलीस अजूनही तिथल्या अहवालाला 'सीए रिपोर्ट'च म्हणतात, म्हणजे केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट, मग तो मोबाइलचा का असेना. तिथल्या पदाचं अधिकृत नाव आहे 'वैज्ञानिक सहायक (संगणक गुन्हे, ध्वनी व ध्वनीफीत विश्लेषण)', गट क. हे लांबलचक नाव पाठ करा, कारण सर्च याच नावाने करायचा आहे. 2024 च्या फेब्रुवारीत संचालनालयाने 125 पदांची जाहिरात काढली, त्यात ही पदं 15 होती. अर्जाला मुदत जेमतेम तीन आठवड्यांची. सगळा खेळ या तीन आठवड्यांचा आहे, कारण खाली सांगितलेल्यातले निम्मे कागद तेवढ्या वेळात निघत नाहीत.

वेतनश्रेणी एस-13, म्हणजे मूळ वेतन 35,400 ते 1,12,400 रुपये, अधिक महागाई भत्ता, घरभाडे वगैरे. याच्या वरची, म्हणजे वैज्ञानिक अधिकारी आणि त्यापुढची राजपत्रित पदं एमपीएससी भरते. तिथे अनुभवाची अट असते, त्यामुळे नुकत्याच पदवी घेतलेल्यांनी आधी गट क कडेच पाहावं.

पात्रता कुठे वाचायची?

जाहिरातीच्या पहिल्या पानावर नाही. तिथे फक्त पदसंख्या आणि तारखा असतात. शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा, शंका असेल तर त्या पदाचे सेवाप्रवेश नियम काढून वाचा. या पदासाठी साधारणपणे भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा माहिती तंत्रज्ञानातली विज्ञान पदवी, न्यायसहायक विज्ञानाची पदवी, संगणक वा इलेक्ट्रॉनिक्सची अभियांत्रिकी पदवी, किंवा शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेची डिजिटल व सायबर फॉरेन्सिक आणि संबंधित कायद्याची पदव्युत्तर पदविका असे पर्याय असतात. विज्ञान पदवीला बहुधा द्वितीय श्रेणी मागतात. ही पदविका देणारी संस्था मुंबईतच, फोर्टला मादाम कामा मार्गावर, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या आवारात आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठातही असे अभ्यासक्रम आहेत. त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा 2020 च्या कायद्याने मिळाला.

खासगी सर्टिफिकेटांचं काय? अर्हतेच्या रकान्यात त्यांचं नाव नसेल तर कागदपत्र तपासणीत त्यांचा उपयोग शून्य. एथिकल हॅकिंगचा कोर्स कामावर गेल्यावर उपयोगी पडेल, अर्जात नाही. चाळीस-पन्नास हजार रुपये तिकडे घालण्याआधी हे लक्षात घ्या, क्लासवाले हे सांगणार नाहीत.

पदवीचा निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत हातात असायला हवा. 'निकाल प्रतीक्षेत' चालत नाही. मार्कशीटवरची तारीख बघतात, परीक्षा कधी दिली हे नाही.

वय खुल्या प्रवर्गाला 18 ते 38, मागासवर्गीयांना 43 पर्यंत. दिव्यांग, माजी सैनिक यांच्या सवलती वेगळ्या. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीत दिलेलं असतं.

कागद, आणि कुठला कधी काढायचा

इथे सावकाश वाचा.

अधिवास प्रमाणपत्राचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून अर्ज करायचा. उपनगरातल्यांचे अर्ज अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला तहसीलकडे जातात. शहरातल्यांचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे. नालासोपारा-विरारवाल्यांनी मुंबईत खेटे घालू नयेत, त्यांचा तालुका वसई आणि जिल्हा पालघर. महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि भाड्याच्या घरात वाढलेल्या पोरांची पंचाईत इथेच होते. अकरा-अकरा महिन्यांचे करार, दर वेळी नवा पत्ता, वीजबिल मालकाच्या नावावर. अशा वेळी शाळेचे दाखले सर्वांत भरवशाचे. बालवाडीपासून बारावीपर्यंतचे बोनाफाइड आणि शाळा सोडल्याचे दाखले एका ओळीत लावले की पंधरा वर्षं भरतात. शिधापत्रिकेवर तुमचं नाव आहे का, तेही पाहून ठेवा. सीमाभागातल्या 865 गावांमधल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्राच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. त्यांनी तिथल्या रहिवासाचा विहित नमुन्यातला दाखला काढायचा.

जातीच्या दाखल्यात मुंबईकर हमखास चुकतात. आजोबा गिरणीत कामाला आले, तीन पिढ्या लालबागला, म्हणून दाखला मुंबईचा मिळेल असं वाटतं. पण कुटुंब त्या त्या प्रवर्गाच्या मानीव दिनांकाला कुठे राहत होतं, हे पाहिलं जातं. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. आजोबा 1967 साली संगमेश्वरात असतील तर दाखला रत्नागिरी जिल्ह्यातून काढायचा. त्यासाठी गावच्या शाळेचा जुना उतारा लागतो, आणि तो गणपतीला गावी गेल्यावर काढू म्हणणाऱ्यांना मी सांगतो की गणपतीत शाळा बंद असते.

जात वैधता प्रमाणपत्र त्याहून वेळखाऊ. वडिलांची किंवा वडिलांकडच्या सख्ख्या नातेवाइकांची वैधता झालेली असेल तर काम सोपं होतं. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि एसईबीसी म्हणजे सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गवाल्यांना वर नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखलाही लागतो. त्याची मुदत तपासा. दाखला जाहिरातीत सांगितलेल्या तारखेला वैध हवा, आधीचा संपलेला किंवा नंतर काढलेला दोन्ही नाकारले जातात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखलाही त्या आर्थिक वर्षाचाच लागतो. खुल्या प्रवर्गातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी पूर्वी नॉन-क्रिमीलेयर लागायचं, ती अट 2023 मध्ये शासनाने काढली. अजूनही काही सायबर कॅफेवाले त्यांच्याकडून ते काढायला लावतात, पैसे घालवू नका.

खेळाडू आरक्षण घ्यायचं असेल तर क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी लागते. प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अंशकालीन यांचेही वेगळे दाखले आहेत. मुद्दा एकच, अर्जात जो दावा केला नाही तो नंतर करता येत नाही, आणि जो केला त्याचा कागद तपासणीच्या दिवशी हातात लागतो.

नावाचं स्पेलिंग. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव, तेच अर्जात. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलटं करू नका. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडावी. राजपत्रासाठी आता चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात रांग लावावी लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो.

आणखी दोन किरकोळ वाटणारे कागद आहेत. एमएस-सीआयटी किंवा समकक्ष संगणक प्रमाणपत्र. संगणकाच्या पदवीधराला ते कशाला, असं मलाही वाटतं, पण जाहिरातीत अट असेल तर वाद घालण्यापेक्षा पाहून घ्या तुमच्या पदवीला सूट आहे का. दुसरं, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, नमुना अ. 28 मार्च 2006 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त होत असतील तर उमेदवार अपात्र ठरतो. अविवाहितांनीही ते भरायचं असतं.

अर्ज आणि परीक्षा

अर्ज ऑनलाइन. 2024 च्या भरतीत शुल्क खुल्या प्रवर्गाला 1000 आणि मागासवर्गीयांना 900 रुपये होतं, माजी सैनिकांना माफ. फोटो आणि सही दिलेल्या मापातच स्कॅन करा. सही मोठ्या इंग्रजी अक्षरांत केली तर अर्ज बाद होऊ शकतो. शेवटच्या रात्री पेमेंट अडकतं, पैसे कापले जातात आणि पावती येत नाही, हा दर भरतीचा अनुभव आहे. म्हणून तीन दिवस आधी भरा.

परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी, टीसीएस किंवा आयबीपीएसकडून. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि पदानुसार विषयज्ञान. गुणवत्ता यादीत यायला किमान 45 टक्के हवेत. विषयाचा अभ्यास सगळे करतात, मराठी व्याकरणात गुण जातात. समास आणि प्रयोग नीट करा.

तिथे काम काय असतं?

लोकांना वाटतं, अंधारी खोली, हिरवी अक्षरं, टकाटक टायपिंग. प्रत्यक्षात दिवसाची सुरुवात पाकिटाने होते. पोलीस ठाण्याचा हवालदार मुद्देमाल घेऊन येतो. खाकी पाकीट, त्यावर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल, सोबत अग्रेषण पत्र. सीलचा ठसा पत्रावरच्या नमुन्याशी जुळतो का, पत्रातला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि पाकिटातल्या फोनचा आयएमईआय एकच आहे का, हे आधी पाहायचं. एक आकडा चुकला असेल तर पाकीट परत. मग उपकरणाची प्रतिकृती घ्यायची, आणि हार्ड डिस्क असेल तर मध्ये राइट ब्लॉकर लावायचा, म्हणजे मूळ डिस्कवर एक बाइटही लिहिला जाणार नाही. फोन नेटवर्क अडवणाऱ्या फॅरेडे पिशवीत ठेवायचा, नाहीतर नेटवर्क मिळताच कुणीतरी दुरून तो पुसून टाकेल. प्रतिकृती झाली की तिचा हॅश काढायचा, म्हणजे आतल्या डेटावरून गणिताने निघणारा, बोटाच्या ठशासारखा अक्षर-आकड्यांचा संच. मूळ आणि प्रतीचा हॅश जुळला तरच पुढचं काम.

हॅशचं एवढं कौतुक का, हे कायद्यात आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, एसएचए-1, एसएचए-256 की एमडी-5, हे लिहावं लागतं. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. पूर्वी हेच काम जुन्या पुरावा कायद्याच्या 65-ब कलमाखाली चालायचं. ते प्रमाणपत्र अनिवार्यच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सांगितलं. वाद आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा होता आणि मुद्दा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा, उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा. मुलाखतीचा टप्पा असलेल्या पदांसाठी हा निकाल वाचून जा.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायची तरतूद आहे, राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे माणसं लागणार. शिवाय समन्स आलं की साक्षीला जावं लागतं, तीन वर्षांपूर्वीच्या अहवालावर वकील उलटतपासणी घेतो. ज्याला चार लोकांत बोलायची धास्ती वाटते त्याने आधीच विचार करावा.

मुंबईतच बाकीचे दरवाजेही आहेत. महाराष्ट्र सायबर आणि इतर तपास यंत्रणा कंत्राटी पद्धतीने विश्लेषक घेतात. तिथे ठरावीक मानधन आणि ठरावीक मुदत असते, पण मोबाइल फॉरेन्सिकचा हात बसतो. केंद्रीय न्यायसहायक प्रयोगशाळांची वैज्ञानिक पदं यूपीएससी आणि कर्मचारी निवड आयोगामार्फत येतात, त्यातली एक प्रयोगशाळा पुण्यात आहे.

निवड झाली की चारित्र्य पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी. अंगावर गुन्हा दाखल असेल, अगदी आंदोलनातला असला तरी, साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात, लिहा. गुन्ह्यापेक्षा लपवल्याने नोकरी जाते. आणि नियुक्तिपत्र कलिन्याचंच येईल असं धरू नका. संचालनालयाच्या प्रयोगशाळा नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूरलाही आहेत. नालासोपाऱ्याच्या त्या मुलाने हे ऐकल्यावर विचारलं, "नांदेडला लोकलचा पास नाही ना लागत?" म्हटलं, आधी शाळेत जाऊन बोनाफाइड आण.